उडीचे मोल आणि निकालाचे भाकीत

निकालाचे भाकीत करणे हा रसिकतेचा एक निरुपद्रवी प्रकार मानला जातो. यंदाचा अकादमी पुरस्कार कोणाला, राज्य नाट्य स्पर्धेत पहिले कोण, आपल्या वर्गातल्या कोणत्या विद्यार्थ्याला सुवर्णपदक, अशा चर्चा प्राध्यापक कक्षात चहाच्या कपाबरोबर रंगतात. अंदाज खरा ठरला की आपल्या अभिरुचीवर शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटते आणि खोटा ठरला की परीक्षकांच्या अभिरुचीविषयी शंका येऊ लागते. दोन्ही प्रसंगी आपण स्वतः सुरक्षित राहतो. या सुरक्षिततेविषयी मला प्रथम अस्वस्थ केले ते बर्फावरच्या एका खेळाने. हा खेळ म्हणजे फिगर स्केटिंग. माझे त्याच्याशी नाते निव्वळ प्रेक्षकाचे आहे. बर्फावर मी आयुष्यात एकदाही उभी राहिलेली नाही. तरीही मूल्यमापन म्हणजे काय, तुलना कशाची करता येते आणि कशाची येत नाही, या प्रश्नांविषयी या खेळाच्या गुणपत्रिकांनी मला जे शिकवले ते अनेक समीक्षाग्रंथांतूनही हाती लागले नव्हते.

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते, भालाफेकीत मोजपट्टी देते. फिगर स्केटिंगमध्ये कोणीतरी पाहावे लागते आणि पाहून ठरवावे लागते. म्हणून हा खेळ असूनही त्याचा निकाल कवितास्पर्धेच्या निकालाला अधिक जवळचा आहे. संगीत आहे, वेशभूषा आहे, काही मिनिटांची रचना आहे आणि त्या रचनेत पेरलेल्या उड्या आहेत. यांतली उडी ही एकच गोष्ट दुरून मोजता येण्यासारखी दिसते. हवेत तीन गिरक्या झाल्या की चार, हे कोणीही सांगू शकेल असे वाटते. साहजिकच भाकिते उड्यांवर बेतली जातात. अमक्याकडे चार गिरक्यांची उडी आहे, तमक्याकडे नाही. तेव्हा पहिला जिंकणार. त्याविरुद्ध दुसरा पक्ष म्हणतो, उड्या कोणीही मारील, हा खेळ कलेचा आहे. तेव्हा दुसरा जिंकणार. माझे म्हणणे असे की, हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. उडी आणि कला यांना ते दोन वेगळ्या पारड्यांत टाकतात आणि मग कोणते पारडे जड याचा वाद घालतात. गुणपत्रिका वाचण्याचे कष्ट घेतले तर निराळेच चित्र दिसते.

त्याआधी उडीविषयी थोडे. एकेरी स्केटिंगमध्ये मुख्यतः सहा प्रकारच्या उड्या आहेत: टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. या सहाही उड्या उतरतात एकाच रीतीने, पाठमोऱ्या दिशेने आणि पात्याच्या बाहेरच्या कडेवर. त्यांची ओळख ठरते ती सुरुवातीवरून: कोणत्या पायावर, पात्याच्या कोणत्या कडेवरून आणि दुसऱ्या पायाचे टोक बर्फात रोवून की न रोवता उडी घेतली यावरून. सहांपैकी एकटी ॲक्सेल समोर तोंड करून घेतली जाते, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त असते. तिहेरी ॲक्सेल म्हणजे साडेतीन गिरक्या. फ्लिप आणि लुट्झ या तर दुरून जुळ्या बहिणीच वाटतात. फरक एवढाच की, फ्लिप आतल्या कडेवरून घेतात आणि लुट्झ बाहेरच्या. लुट्झमध्ये पाते ज्या बाजूला वळत असते त्याच्या उलट्या बाजूला शरीर फिरवायचे असते. हा विरोध न पेलणारा स्केटर शेवटच्या क्षणी नकळत आतल्या कडेवर झुकतो. नाव लुट्झचे, उडी जवळजवळ फ्लिपची. सामान्य प्रेक्षकाला हे दिसत नाही. वृत्तात एक मात्रा लंगडी पडावी आणि गाणाऱ्याच्या आवाजात ती झाकली जावी, तसे हे आहे. तांत्रिक पथकाला मात्र चित्रफीत सावकाश फिरवून ही कड पाहावी लागते. गिरकी पुरी झाली की पाव हिश्शाने उणी राहिली, हेही पाहावे लागते. उणीव पाव गिरकीहून अधिक असेल तर उडीचे मोल घटते. अर्धी गिरकी किंवा त्याहून अधिक असेल तर ती एक गिरकी कमी असलेली उडी धरली जाते. म्हणजे ‘दोघांनीही तिहेरी लुट्झ मारली’ या विधानातली दोन्ही नावे सारखी असली तरी त्या नावाखालच्या उड्या सारख्या असतीलच असे नाही.

आता ज्या गुणपत्रिकेने मला या विषयाकडे ओढले तिच्याकडे वळते. १८ फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर ऑलिम्पिक, पुरुष एकेरीची अंतिम फेरी. एका बाजूला रशियाचा येवगेनी प्लुशेन्को, २००६ च्या तुरीन ऑलिम्पिकचा विजेता. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा इव्हान लायसाचेक, २००९ चा जगज्जेता. प्लुशेन्कोने आरंभीच चार गिरक्यांची टो लूप आणि तिला जोडून तिहेरी टो लूप घेतली. लायसाचेकने चार गिरक्यांची एकही उडी घेतली नाही. निकाल लागला तो असा: लायसाचेक २५७.६७, प्लुशेन्को २५६.३६. फरक १.३१ गुणांचा, सव्वा गुणाहून किंचित अधिक.

यावर जे वादळ उठले ते ‘उडी विरुद्ध कला’ असेच होते. प्लुशेन्कोने नाराजी लपवली नाही. चार गिरक्या न घेणारा विजेता ठरत असेल तर हा पुरुषांचा खेळ न राहता नृत्य झाले आहे, अशा आशयाचे तो जाहीरपणे बोलला. समोरच्या पक्षाने आनंदाने हीच चौकट स्वीकारली आणि म्हटले, होय, कलेचा विजय झाला. दोन्ही पक्षांची भाकिते होती, दोन्ही पक्षांचे स्पष्टीकरण तयार होते.

गुणपत्रिका काय सांगते? शॉर्ट प्रोग्राम या पहिल्या फेरीत प्लुशेन्कोचे ९०.८५ आणि लायसाचेकचे ९०.३० गुण होते. म्हणजे प्लुशेन्को ०.५५ ने पुढे होता. फ्री स्केट या दुसऱ्या फेरीत लायसाचेकला १६७.३७ आणि प्लुशेन्कोला १६५.५१ गुण मिळाले. या दुसऱ्या फेरीतल्या गुणांचे तीन भाग पडतात. पहिला भाग घटक गुणांचा: रचना, सादरीकरण, संगीताचा अर्थ लावणे इत्यादी, ढोबळपणे ज्याला आपण कला म्हणू तो हा भाग. त्यात लायसाचेकला ८२.८० गुण होते आणि प्लुशेन्कोला? त्यालाही ८२.८०. दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत बरोबरी. तेव्हा कलेने उडीला हरवले, हे म्हणणे निदान या कागदावर टिकत नाही.

दुसरा भाग मूळ गुणांचा. प्रत्येक उडीला, बर्फावरच्या प्रत्येक फिरकीला आणि पदन्यासाला नियमपुस्तकात ठरलेले मोल असते. त्या बेरजेत प्लुशेन्कोचे ७५.०३ आणि लायसाचेकचे ७४.९३ होते. म्हणजे ज्या चार गिरक्यांवरून सारा वाद पेटला, त्या जमेस धरूनही प्लुशेन्कोची एकूण आघाडी ०.१० गुणांची होती! असे का झाले? त्या काळच्या नियमानुसार कार्यक्रमाच्या उत्तरार्धात घेतलेल्या उडीला दहा टक्के वाढीव मोल मिळे, कारण थकलेल्या पायांनी उडी घेणे अवघड असते. लायसाचेकने आठपैकी पाच उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या, प्लुशेन्कोने तीन. एकाची श्रीमंती आरंभी एकदम डोळ्यांत भरणारी होती. दुसऱ्याने तीच रक्कम थोडी थोडी करून नंतर जमवली. पाहणाऱ्यांना पहिली लक्षात राहिली, दुसरी कोणाच्या नजरेतच भरली नाही.

राहिला तिसरा भाग. मूळ मोलावर परीक्षक प्रतीचे गुण देतात किंवा कापतात: उडीत शिरण्याची रीत, उंची आणि अंतर, हवेतली शरीराची ठेवण, उतरताना वेग टिकला की नाही, उडी संगीताशी जुळली की नाही. इथे लायसाचेकला ९.६४ आणि प्लुशेन्कोला ७.६८ मिळाले. प्लुशेन्कोच्या काही उड्या हवेत कलल्या होत्या आणि उतरताना त्याला सावरावे लागले होते. १.९६ चा हा फरक. त्यातून मूळ गुणांतली ०.१० आणि पहिल्या फेरीतली ०.५५ अशी प्लुशेन्कोची आघाडी वजा केली की उरतात ते १.३१. साधी वजाबाकी आहे. या वजाबाकीत ‘उडी विरुद्ध कला’ कुठेही नाही. निकाल ठरला तो काय केले यावर कमी आणि कसे केले यावर अधिक. आणि हे ‘कसे’ बहुतांशी उड्यांच्या आतच होते. उडी हा कलाकृतीबाहेरचा तांत्रिक ऐवज आणि कला म्हणजे उड्यांच्या मधली जागा, ही समजूतच इथे कोसळते. आपल्याकडे आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत करून चालणारी जी समीक्षा आहे, तिनेही या कागदावर क्षणभर थांबावे असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, चार गिरक्यांच्या टो लूपला ९.८ आणि तिहेरी ॲक्सेलला ८.२ हे मोल ठरवले कोणी? हा आक्षेप रास्त आहे. मोल माणसांनीच ठरवले होते आणि माणसांनीच ते बदललेही. व्हँकुव्हरनंतरच्या हंगामात तीच टो लूप १०.३ ची झाली. २०१८ मध्ये ती ९.५ वर आली. चार गिरक्यांची ॲक्सेल, म्हणजे साडेचार गिरक्या, स्पर्धेत कोणीही घेऊ शकलेले नव्हते तेव्हा तिचे मोल १५ होते. २०१८ मध्ये ते १२.५ करण्यात आले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी लेक प्लॅसिड इथे अमेरिकेच्या इलिया मालिनिनने ती पहिल्यांदा यशस्वीपणे उतरवली, तेव्हा चार गिरक्यांच्या लुट्झपेक्षा तिला मूळ मोल फक्त एका गुणाने अधिक होते. जगात प्रथमच घडलेल्या गोष्टीचे मोल एक गुण! तेव्हा तक्त्यातला आकडा हे निसर्गाने दिलेले सत्य नसून तेही एक मतच आहे, हे मान्य. फरक एवढाच की, हे मत स्पर्धेच्या आधी जाहीर केलेले आहे, सर्वांना सारखे लागू आहे आणि त्याच्याशी आकड्याचे नाव घेऊन भांडता येते.

हा फरक किती मोठा आहे हे कळण्यासाठी आधीची पद्धत आठवावी लागते. जुन्या पद्धतीत परीक्षक सहापैकी गुण देत, ५.८ किंवा ५.९, परंतु ते गुण बेरजेसाठी नसत, त्यांतून परीक्षकाच्या मनातला क्रम तेवढा निघे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत या पद्धतीचे एक विलक्षण रूप दिसले. पहिल्या फेरीनंतर अमेरिकेची मिशेल क्वान पहिली, रशियाची इरिना स्लुत्स्काया दुसरी आणि सोळा वर्षांची सारा ह्यूज चौथी होती. ह्यूजचे भाकीत कोण करणार? दुसऱ्या फेरीत ती सर्वोत्तम ठरली. तरीही स्लुत्स्काया शेवटी बर्फावर उतरली तेव्हा सुवर्ण अजून क्वानच्या हातात होते. स्लुत्स्काया त्या फेरीत क्वानच्या मागे राहिली असती तर क्वान जिंकली असती. स्लुत्स्काया क्वानच्या पुढे गेली, आणि त्यामुळे सुवर्ण मिळाले ह्यूजला! क्वान तिसरी झाली. ह्यूज आणि क्वान यांचे सादरीकरण केव्हाच संपलेले होते. त्यांच्या परस्पर क्रमाचा निर्णय तिसरीच्या कामगिरीने केला. त्याच ऑलिम्पिकमध्ये जोडी स्केटिंगचा निकाल रशियन जोडीच्या बाजूने पाच विरुद्ध चार असा लागला, फ्रान्सच्या परीक्षकावर दबाव होता असा आरोप झाला आणि अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. या प्रकरणाच्या धक्क्यातूनच २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सध्याची गुणपद्धती स्वीकारली. तीही निर्दोष नव्हती: कारण कागदावर आले, पण कारण देणाऱ्याचे नाव कागदावरून गेले. कोणता स्तंभ कोणत्या परीक्षकाचा हे बाहेर कळत नसे. ही गुप्तता रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

जुन्या पद्धतीला हसणे सोपे आहे. मला हसता येत नाही, कारण ती पद्धत मी स्वतः वापरलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. संहिता, अभिनय, दिग्दर्शन, तांत्रिक अंगे आणि एकूण परिणाम असे रकाने असलेला कागद हाती होता. दोन दिवसांत चौदा एकांकिका. त्यांतल्या एका महाविद्यालयाचा नावलौकिक मला ठाऊक होता, त्यांची मागच्या वर्षीची एकांकिका मी पाहिली होती, आणि खरे सांगायचे तर पडदा वर जाण्यापूर्वीच पहिला क्रमांक माझ्या मनात ठरत आला होता. एकांकिका चांगली झालीही. मी आधी एकूण गुण ठरवले आणि मग ते पाच रकान्यांत वाटून टाकले. बक्षीस समारंभानंतर तिसऱ्या आलेल्या संघातली एक मुलगी, चेहऱ्यावरचा रंग अजून पुरता न पुसलेली, माझ्यापाशी आली. तिने तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, “मॅडम, आमचं नेमकं कुठं कमी पडलं?” मी म्हणाले, “छान होतं, पण एकूण परिणाम थोडा…” आणि पुढे मला बोलता येईना. कागदावर आकडे होते, पण ते कारणे नव्हते. आधीच घेतलेल्या निर्णयाला नंतर शिवलेले कपडे होते. तिने मान डोलावली आणि ती गेली. त्या रात्री परतीच्या गाडीत मला पहिल्या संघाचा एकही प्रवेश तपशिलाने आठवेना; त्या मुलीच्या एकांकिकेतला एक लांबलेला मौनाचा क्षण मात्र आठवत राहिला. त्याला मी गुण दिले होते का? कोणत्या रकान्यात?

म्हणून ज्यांना गुणतक्ता म्हणजे कलेचा अपमान वाटतो त्या सहकाऱ्यांशी माझे जमत नाही. ‘काव्य मोजता येत नाही’ हे वाक्य आम्ही वर्गात मोठ्या आदराने उच्चारतो आणि संध्याकाळी त्याच काव्यावरच्या उत्तराला सोळापैकी नऊ गुण देतो. नऊ का, दहा का नाही, हे सांगण्याची जबाबदारी टाळण्यासाठी पहिल्या वाक्याचा फार उपयोग होतो.

असे असले तरी तक्त्याची खरी किंमत कुठे मोजावी लागते, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. त्यासाठी दुसरी एक गुणपत्रिका. २०१८ चे प्योंगचांग ऑलिम्पिक, महिला एकेरी. रशियाच्याच दोन मुली समोरासमोर: पंधरा वर्षांची अलिना झागितोवा आणि अठरा वर्षांची, दोनदा जगज्जेती ठरलेली येवगेनिया मेदवेदेवा. फ्री स्केटमध्ये दोघींनाही १५६.६५ गुण मिळाले, अगदी समसमान. पण समानतेच्या आत काय होते? मेदवेदेवाचे घटक गुण ७७.४७, झागितोवाचे ७५.०३, तांत्रिक गुण मेदवेदेवाचे ७९.१८, झागितोवाचे ८१.६२. निर्णय झाला तो पहिल्या फेरीतल्या ८२.९२ आणि ८१.६१ यांच्यातल्या फरकाने. झागितोवा जिंकली, २३९.५७ विरुद्ध २३८.२६. फरक पुन्हा १.३१. योगायोगच, पण अभ्यासकाला मोह पाडणारा.

पहिल्या फेरीत झागितोवाने तिहेरी लुट्झला तिहेरी लूप जोडली होती, मेदवेदेवाने तिहेरी फ्लिपला तिहेरी टो लूप. उतरलेल्या पायाच्या त्याच कडेवरून, दुसऱ्या पायाच्या टोकाचा आधार न घेता लूप उचलावी लागते. म्हणून ती जोडी अवघड आणि मोलाने वरची. दुसऱ्या फेरीत तर झागितोवाने सातही उड्या उत्तरार्धात ठेवल्या. दहा टक्क्यांच्या त्या नियमाचा पुरेपूर लाभ. पूर्वार्धात फिरक्या, पदन्यास, हातांच्या हालचाली. उडी एकही नाही. उत्तरार्धात एकामागून एक उड्यांचा वर्षाव. यावर टीका झाली की, ही रचना नसून हिशेब आहे. पुढच्याच हंगामापासून नियम बदलला: वाढीव मोल पहिल्या फेरीत शेवटच्या एका उडीला आणि दुसऱ्या फेरीत शेवटच्या तीन उड्यांनाच मिळू लागले.

इथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. मर्ढेकरांनी लयतत्त्वाची मांडणी करताना संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. समतोलाच्या दृष्टीने पाहिले तर झागितोवाची रचना एकीकडे कललेली आहे, हे मान्य करावे लागते. पण विरोधाच्या दृष्टीने पाहिले तर तीच रचना उठून दिसते. मिंकुसच्या ‘डॉन किहोते’ बॅलेचे संगीत, दीर्घ काळ रोखून धरलेली पहिली दोन मिनिटे आणि मग संगीताच्या चढत्या गतीबरोबर उसळणाऱ्या उड्या. पहिल्या लुट्झला लूप जोडता आली नाही तेव्हा तिने ती पुढच्या लुट्झला जोडली. पंधरा वर्षांच्या मुलीने, धावत्या संगीतात, ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत. हा निव्वळ हिशेब म्हणवत नाही. अक्षरगणवृत्ताच्या जाचातून ज्यांनी चांगली कविता काढली, त्यांचे बंधनही बाहेरूनच आलेले होते.

तरीही एक गोष्ट खरी. मोल जाहीर झाले की निर्मिती मोलाकडे वळू लागते. तक्ता चुकीचा निकाल देतो हा त्याचा मुख्य दोष नाही. सर्वांच्या रचना हळूहळू एकसारख्या होऊ लागतात, हा आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पाहा. प्रस्तावना, चार मुद्दे, एक अवतरण, समारोप. हा साचा त्यांनी आमच्याच गुणदान योजनेवरून बेतलेला आहे. यावर तक्ता फाडून टाकणे हा उपाय नाही, कारण तो फाडला की पुन्हा नावलौकिकाचे राज्य येते. उपाय स्केटिंग संघटनेने केला तोच: तक्ता वेळोवेळी दुरुस्त करणे आणि दुरुस्तीचे कारण सांगणे. परीक्षकाला आपल्या निकषाचेही परीक्षण करता आले पाहिजे.

आता भाकिताकडे परत येते. भाकीत करणारा मूळ मोलांची बेरीज करतो आणि मागच्या निकालांचा आधार घेतो. त्याच्या हातात दुसरे काही नसतेच. पण मूळ मोल हे केवळ वचन आहे. २०१८ मध्ये अमेरिकेचा नेथन चेन सुवर्णाच्या प्रमुख दावेदारांपैकी एक होता. पहिल्या फेरीत त्याच्या उड्या कोसळल्या, ८२.२७ गुणांसह तो सतरावा आला. एका दिवसाने त्याच बर्फावर त्याने चार गिरक्यांच्या सहा उड्या घेतल्या, २१५.०८ गुण मिळवून ती फेरी जिंकली आणि एकूण २९७.३५ गुणांसह पाचवा आला. कोणत्या चेनचे भाकीत करायचे होते? चार वर्षांनी बीजिंगमध्ये तो ३३२.६० गुणांनी विजेता झाला. त्याच बीजिंगमध्ये जपानचा युझुरु हान्यू, आधीच्या दोन्ही ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, पहिल्या उडीसाठी झेपावला तेव्हा त्याचे पाते बर्फातल्या एका खळग्यात सापडले. चार गिरक्यांची साल्काव एका गिरकीवर आली आणि तो आठवा गेला. दुसऱ्या फेरीत त्याने साडेचार गिरक्यांच्या ॲक्सेलचा प्रयत्न केला. गिरकी किंचित उणी राहिली, तो पडला आणि अखेर चौथा आला. त्या ॲक्सेलवाचून त्याला सुरक्षित कार्यक्रम करता आला असता. त्याने तो केला नाही. बर्फातला खळगा कोणत्याही तक्त्यात नसतो. आणि पडण्याची शक्यता ठाऊक असूनही कोणी न केलेली गोष्ट करून पाहण्याची इच्छाही कोणत्या बेरजेत धरता येत नाही.

उडी हवेत असते ती एका सेकंदाहूनही कमी काळ. तिच्याआधी जे बोलले जाते ते स्केटरच्या चरित्राविषयीचे बोलणे असते. तिच्यानंतर जे बोलता येते ते त्या उडीविषयीचे. आपण साहित्याचे लोक बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचे बोलतो आणि त्याला समीक्षा म्हणतो. अमुक लेखकाचे नवे पुस्तक आले की वाचण्याआधीच त्याची जागा ठरलेली असते. वाचन त्या जागेला पुरावे गोळा करण्यासाठी होते. भाकीत खरे ठरले तर ते पुस्तकामुळे ठरले की आपल्या आग्रहामुळे, हे तपासायला कोणी बसत नाही. १.३१ च्या त्या वजाबाकीने मला निदान एवढी भीती घातली आहे की, एखादा निकाल ‘अपेक्षितच होता’ असे मी म्हणू लागले की मला स्वतःचाच संशय येतो.

त्यानंतरही मी स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. आता प्रयोग चालू असताना दोन-दोन ओळींच्या नोंदी करते: कोणता प्रवेश, काय घडले, कुठे सैल पडले, कुठे श्वास रोखला गेला. बेरीज शेवटी करते. कधी कधी बेरीज माझ्या मनातल्या क्रमाशी जुळत नाही. तेव्हा मोह होतो की रकाने थोडे हलवावेत. अशा वेळी नोंदी पुन्हा वाचते आणि कोणीतरी रंग न पुसलेल्या चेहऱ्याने समोर येऊन उभे राहील तर यांतली कोणती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवता येईल, एवढेच पाहते. जी ओळ वाचून दाखवता येत नाही, तिचे गुण मी खोडते.